गाजराचं दुसरं वर्ष

गाजर न खाल्लेला माणूस सापडणं कठीण, आणि गाजराचं फूल पाहिलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. मुळ्याला फुलं येतात, मागोमाग डिंगऱ्या लागतात आणि त्यांची भाजीही होते. कांद्याचे डेंगळे तर रस्त्यावरून जाताना एसटीच्या खिडकीतूनही ओळखू येतात. मेथी, शेपू, कोथिंबीर दोन दिवस दुर्लक्ष झालं की फुलून मोकळ्या होतात. गाजराला मात्र आपण तेवढी सवड देतच नाही. ते फुलायच्या आत आपल्या पिशवीत आलेलं असतं.

गाजराचा जीवनक्रम मुळात दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी त्याला खोड जवळजवळ नसतंच. जमिनीलगत कातरलेल्या पानांचा झुबका, आणि त्या पानांनी उन्हात केलेली साखर खाली मुळात साठत जाते. मग थंडी येते. काही आठवडे नीट थंडी मिळाली की झाडाच्या आत काहीतरी पालटतं आणि पुढच्या हंगामात दांडा, फुलं, बी असं सगळं भराभर उरकून झाड मरून जातं. गाजर म्हणजे झाडाने त्या दुसऱ्या वर्षासाठी बांधलेली शिदोरी. ती वाटेतच सोडून आपण खातो. आपल्याकडच्या देशी जातींना फार थंडी लागत नाही, त्यामुळे त्यांची ही दोन वर्षं एकाच हंगामात मावतात. भाद्रपद-आश्विनात पेरलेलं गाजर पौषात खाण्याजोगं होतं आणि उपटलं नाही तर फाल्गुनात फुलतं. युरोपीय जातींचं बी सपाटीवर धरत नाही. त्यासाठी कुलू खोऱ्यातल्या कटराईंसारख्या थंड जागी जावं लागतं.

गेली काही वर्षं मी परसातल्या वाफ्याच्या एका कडेची गाजरं उपटत नाही. माघ सरत आला की पानांच्या मधून दांडा वर निघतो. त्याच्या अंगावर उभ्या रेघा असतात आणि राठ लव असते. बघता बघता तो कमरेच्या वर जातो, फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरव्या, दोऱ्यांसारख्या बारीक पानांच्या झालरीत एक कळ्यांचा गुच्छ दिसू लागतो. उमलला की कळतं, ही रचना किती हिशेबी आहे. एकाच बिंदूपासून कितीतरी देठ निघतात, प्रत्येक देठाच्या टोकाला पुन्हा एका बिंदूपासून आणखी बारीक देठ, आणि त्यांच्या टोकाला फूल. सगळी फुलं एकाच पातळीला, वरून पाहिलं तर सपाट पांढरी चकती. मधल्या दांड्यावरच्या सर्वांत मोठ्या गुच्छात हजारावर फुलं असू शकतात. भिंग घेऊन पाहिलं तर एकेक फूल पूर्ण आहे: पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, खाली दोन कप्प्यांचा बीजकोश. पुंकेसर आधी पिकतात आणि गळून जातात. मग कुठे स्त्रीकेसराची दोन टोकं वर येऊन एकमेकांपासून दूर होतात. त्यामुळे एका फुलाचा पराग त्याच फुलाला मिळत नाही. मध अगदी उघड्यावर असतो. लांब सोंड नसलेल्यांनाही तो मिळतो, म्हणून या फुलांवर मधमाश्यांबरोबर साध्या माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या, ढालकिडे असा सगळा गावगाडा जमतो. सकाळी दहाच्या सुमाराला त्या कडेला उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते.

फुलं झडली की कडेचे देठ आत वळतात आणि चकतीची खोल वाटी होते. त्या वाटीत बी पिकतं. प्रत्येक फळाची दोन शकलं होतात. शकल एका बाजूने सपाट, दुसरीकडे कण्यांवर बारीक काटे, जनावराच्या केसांत अडकून लांब जाण्यासाठी. बाजारात मिळणारं बी हे काटे घासून काढलेलं असतं, पण घरचं बी हाताला खरखरीत लागतं. एका ग्रॅमला सात-आठशे तरी दाणे भरतात. चोळून नाकाशी धरा. तो वास ओळखीचा वाटेल, कारण आपल्या मिसळणाच्या डब्यात त्याची सगळी भावंडं बसलेली आहेत.

वनस्पतिशास्त्रात हे चामर कुल. जिरं, धने, ओवा, बडीशेप, शहाजिरं, शेपू हे सगळे त्यातलेच. इराण-अफगाणिस्तानातल्या एका झाडाच्या मुळाला चिरा देऊन मिळणारा हिंगही त्यातलाच. ज्याला आपण जिऱ्याचा दाणा म्हणतो, ते गाजराच्या बीसारखंच फळाचं शकल आहे. सुगंधी तेलाच्या नळ्या त्याच्या सालीत असतात, आणि तापलेल्या तेलात जिरं तडतडतं तेव्हा दरवळतं ते हेच तेल. मराठी घरातली गाजराची कोशिंबीर आठवा: किसलेलं गाजर, दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, वर हिंग-जिऱ्याची फोडणी आणि भरपूर कोथिंबीर. एका वाडग्यात एका कुळातली चार माणसं एकत्र आली, आणि हे आपल्या आज्यांनी कुठलंही पुस्तक न उघडता जुळवलेलं. जिभेला नातं कळत असावं असं मला मनापासून वाटतं.

याच कुळात हेमलॉकही आहे. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला दिलेलं विष त्याचंच होतं असं मानतात. पानं गाजरासारखी, फुलं तशीच पांढरी. त्यामुळे युरोपात रानगाजर ओळखून खाणं हे जोखमीचं काम राहिलं. आपल्याकडे उलट झालं. ज्या तणाला आपण गाजर गवत म्हणतो, ते 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचा गाजराशी काडीचाही संबंध नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. फक्त पानं कातरलेली, म्हणून गाजराच्या नावावर त्याची बदनामी चिकटली.

आता मुळाकडे. गाजराची आडवी चकती कापून उजेडाकडे धरली की दोन भाग स्वच्छ दिसतात. मधला फिका दांडा आणि त्याभोवती गडद रंगाचं वलय. दांडा म्हणजे जलवाहिन्यांचा भाग, पाणी वर नेणारा. बाहेरचं वलय रसवाहिन्यांचं, पानांकडून आलेली साखर साठवणारं. दोहोंच्या सीमेवर वाढीचा एक पातळ थर असतो, तो आत आणि बाहेर नव्या पेशी घालत राहतो. बटाटा पिष्टमय, गाजर मात्र साखर साखरेच्याच रूपात ठेवतं, म्हणून ते कच्चं गोड लागतं. फुलोऱ्यावर आलेल्या झाडाचं गाजर मी एकदा उपटून चावून पाहिलं. गोडी संपलेली, रस आटलेला, आणि मधला दांडा लाकूड झालेला. शिदोरी ज्यासाठी होती तिथे पोचली होती.

पेरणाऱ्याला गाजर धीर शिकवतं. बी बारीक, म्हणून वाळूत मिसळून ओळीत सोडायचं. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि तोवर तण पुढे निघून गेलेलं असतं. विरळणी केली नाही तर गाजरं एकमेकांना पिळून टाकतात. मूळ पहिल्या काही आठवड्यांतच खोलवर जाऊन पोचतं, जाडी नंतर येते. म्हणून सुरुवातीला वाटेत खडा लागला किंवा काळी चिकण माती घट्ट बसली, की त्याला फाटे फुटतात आणि ते वाकडं होतं. ओलं शेणखत ताजं घातलं तरी तेच. भुसभुशीत, निचऱ्याची जमीन आणि साधारण 15 ते 20 अंशांची हवा मिळाली तर रंग आणि गोडी दोन्ही भरतात. सांगलीजवळच्या कवलापूरची गाजरं नावाजलेली आहेत. संक्रांतीच्या आधी तिकडे काढणीची जी धांदल उडते, ती भोगीसाठी.

भोगीच्या भाजीत गाजर नसेल तर ती भाजी अपुरी. वांगी, सोलाणे, पावटा, बोरं, ऊस, तीळ, दाण्याचं कूट, आणि त्यात लाल गाजराचे जाडसर तुकडे. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. दुसऱ्या दिवशी सुगडात ओंबी, हरभरा, बोर, उसाचं पेर यांच्या शेजारी गाजराचा तुकडा बसतो आणि हळदी-कुंकू लावून त्याचं वाण दिलं जातं. पौषात आपल्या शेतात जे जे तयार असतं, त्याची ती पंगत. हजारभर वर्षांपूर्वी या पंगतीतला हा एक पाहुणा हिंदुकुशाच्या आसपास राहत होता.

रानगाजराचं मूळ पांढुरकं, बारीक, चिवट आणि कडवट. आजच्या इराण-अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या पट्ट्यात नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराला ते माणसाच्या हातात येऊन भाजी झालं. तेव्हाची गाजरं जांभळी आणि पिवळी होती. तिथून ती पश्चिमेला गेली. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात तांबडी आणि पिवळी गाजरं नोंदवली आहेत. केशरी रंग त्यानंतर बऱ्याच काळाने आला. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या डच चित्रकारांनी रंगवलेल्या बाजारांत तो दिसतो. 2023 मध्ये 630 प्रकारच्या गाजरांच्या जनुकांचा ताळा मांडून झालेल्या अभ्यासातून कळलं, की हा केशरी रंग काही जनुकांचं काम थांबल्यामुळे उजळला. आपली उत्तरेकडून येणारी लांब, लाल गाजरं वेगळी. त्यांचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटो आणि कलिंगडाचा. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेल्या ‘पुसा रुधिरा’ आणि काळ्या ‘पुसा असिता’ शेजारी ठेवल्या, तर एकाच मुळाने किती रंग धरावेत याचं नवल वाटतं. केशरी रंगाचं कॅरोटीन 1831 मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातूनच वेगळं केलं. शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं, आणि ते नसलं की रातांधळेपणा येतो. थोडं तूप-तेल सोबत असलं तर ते अंगी लागतं. हलव्यातल्या तुपाला मी म्हणूनच नावं ठेवत नाही.

पण मला या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती एक अगदी साधी कृती. बियाण्यासाठी गाजर निवडताना पीक खणून काढतात आणि एकेक मूळ पारखतात. सरळ आहे का, फाटे नाहीत ना, रंग एकसारखा आहे का. जी पसंत पडतील त्यांची पानं थोडी ठेवून छाटतात, मुळाचं खालचं टोक कापतात, आणि त्या कापावर मधला दांडा किती जाड, रंग कुठवर पोचलाय ते पाहतात. मग वरचा भाग पुन्हा मातीत लावतात. म्हणजे वाफ्यातलं सर्वांत सुरेख, सर्वांत गोड गाजर नेमकं खायचं नाही. ते परत जमिनीला द्यायचं. कडवट, चिवट मुळाचं गाजर झालं ते असं, चाळीस-पन्नास पिढ्यांच्या माणसांनी आपल्या ताटात येऊ शकणारी उत्तम वस्तू हातातून परत खाली ठेवली म्हणून. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. ज्या वर्षी पाऊस आला नाही, ज्या वर्षी घरात पोरं भुकेली होती, त्या वर्षीही कुणीतरी ते परत लावलं असणार, नाहीतर साखळी तुटली असती.

विसाव्या शतकात गाजर एका वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचलं. 1902 मध्ये हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने एक धाडसी विचार मांडला होता: वनस्पतीची एकेक पेशी सुटी करून वाढवता येईल, आणि तिच्यातून अख्खी वनस्पती उभी करण्याची शक्यता तपासता येईल. त्याच्या स्वतःच्या हातून ते झालं नाही. पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. 1939 मध्ये फ्रान्समध्ये गोतरे आणि नोबेकूर यांनी गाजराची ऊती काचेच्या नळीत दीर्घकाळ वाढती ठेवली. आणि मग अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, एफ. सी. स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या बाहेरच्या वलयातले काही मिलिग्रॅमचे तुकडे घेतले. त्यांना द्रवात ठेवून पात्र संथपणे फिरतं ठेवलं. त्या द्रवात अन्नघटकांबरोबर एक गोष्ट मुद्दाम घातली होती: नारळाचं पाणी.

शहाळ्यातलं हे पाणी नारळाच्या कोवळ्या गर्भासाठी असतं. त्याला वाढवणारं, पेशींना विभागायला लावणारं सगळं त्यात असतं. ते मिळाल्यावर गाजराच्या तुकड्यांवरच्या पेशी सुट्या झाल्या, तरंगू लागल्या, विभागू लागल्या. त्यांचे पुंजके झाले, पुंजक्यांना मुळं फुटली. घट्ट माध्यमावर ठेवल्यावर कोंब आले, आणि पुढे मातीत लावल्यावर पूर्ण वाढलेलं गाजराचं झाड झालं, त्याला फुलंही आली. हे 1958 मध्ये प्रसिद्ध झालं. जर्मनीत राइनर्ट यांनीही त्याच सुमाराला गाजराच्या ऊतीतून गर्भासारखे आकार वाढलेले दाखवले. ज्या पेशीने आयुष्यभर साखर साठवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, तिला पान कसं करायचं, दांडा कसा, ती हजार फुलांची चकती कशी मांडायची, हे सगळं ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच. आणि ते तिच्याकडून वदवून घेतलं नारळाने, ज्याच्या खोबऱ्याशी तिची भेट आपल्याकडे कोशिंबिरीत पुष्कळदा होते.

आज जळगाव जिल्ह्यात केळीची ऊतिसंवर्धित रोपं ट्रे भरभरून शेतावर उतरतात. पूर्वी मुनवे खणून लावायचे, त्यांच्याबरोबर रोग आणि सूत्रकृमीही यायचे. केळीची रोपं शेंड्याच्या ऊतीतून करतात, सुट्या पेशींतून नव्हे. पद्धत वेगळी, पण काचेच्या बरणीत वनस्पतीचा कणभर भाग पूर्ण झाड होऊ शकतो हा भरवसा मिळवून देणाऱ्यांत गाजर पुढे होतं.

आमच्या शेजारच्या काकू जैन आहेत, माहेर कोल्हापूरकडचं, शेतकरी घरातलं. कंदमूळ त्या खात नाहीत. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर काहीच नाही. जैन विचारात कंदमुळं ही अनंतकाय, म्हणजे एका शरीरात अगणित जीव एकत्र राहतात. मी त्यांना एका दुपारी स्ट्यूअर्ड यांच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. पेशी आणि जीव या एक गोष्टी नव्हेत, एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही, हे मला कळतं आणि त्यांनाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “एवढ्याशा तुकड्यात अख्खं झाड असतं हे तुम्हाला यंत्रानं कळलं. आम्हाला लहानपणी आईनं सांगितलं, म्हणून आम्ही हात आखडता घेतला.” मी गाजर खाते आणि खात राहीन. पण त्या दिवसापासून किसणीवर गाजर धरताना हातातल्या वस्तूबद्दलचा माझा आदर वाढला आहे, हे सांगितलंच पाहिजे.

परसातल्या बियाचा एक पेच त्यांच्यामुळेच सुटला. गाजराला परक्या झाडाचा पराग मानवतो. एकदोनच झाडं फुलू दिली तर बी मिळतं खरं, पण पिढ्यांगणिक रोपं दुबळी होत जातात. निरोगी बी हवं तर बरीच झाडं एकत्र फुलायला हवीत, आणि एवढी जागा माझ्या वाफ्यात नाही. बाजारात आता बरंच बी संकरित मिळतं. ते नरवंध्य झाडांवर परागण घडवून तयार करतात, पीक एकसारखं येतं, पण त्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर तेच गाजर मिळत नाही. गावोगावच्या बुटक्या, गुलाबट, वासाच्या गावरान गाजरांचं बी कुणी धरलं नाही तर ती जातील. मला ती जाऊ द्यायची नाहीत.

काकूंच्या घरामागे मोठं अंगण आहे. पौषात निवडलेली गाजरं लावायला तिथे जागा मिळेल का, असं मी जरा बिचकतच विचारलं.

“उपटायची नाहीत ना?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू. फुलू द्यायची, बी झालं की आपोआप वाळतात.”

“मग लावा की. पाणी मी घालीन. पूर्ण आयुष्य जगणारं गाजर मीही कधी पाहिलं नाही.”

आता माझ्या वाफ्यातली उत्तम गाजरं दरवर्षी भोगीच्या आधी त्यांच्या अंगणात जातात. त्या सकाळी पाणी घालतात, मावा पडला की मला हाक मारतात, फुलं आली की नातीला घेऊन मधमाश्या दाखवतात. चैत्रात वाट्या पिकून तपकिरी झाल्या की आम्ही दोघी ओट्यावर बसून सुपात बी चोळतो. निम्मं मी पेरणीला ठेवते, निम्मं शेताला जागा असलेल्या ओळखीच्यांना देते. काकूंना एवढंच मान्य करून घ्यायचं असतं, की बी नेणाऱ्याने त्यातली थोडी गाजरं तरी फुलू द्यावीत. ज्यांनी होकार दिला नाही त्यांना त्या बी देऊ देत नाहीत, आणि या बाबतीत मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही.